बॅडलँड्स: सावकाश बघायचा मुलूख

अमेरिकेच्या साउथ डकोटा राज्यात, नैर्ऋत्येच्या बाजूला, गवताचा अफाट माळ एका जागी एकदम तुटतो. पुढे घळी, सुळके आणि धारदार कडे, आणि त्या सगळ्यांवर आडव्या पट्ट्या: राखाडी, पिवळट, फिकट गुलाबी, लाल. हेच बॅडलँड्स राष्ट्रीय उद्यान. क्षेत्रफळ सुमारे ९८० चौरस किलोमीटर. १९२९ मध्ये अमेरिकी काँग्रेसने त्याला राष्ट्रीय स्मारक म्हणून मंजुरी दिली, १९३९ मध्ये ते प्रत्यक्षात आले आणि १९७८ मध्ये त्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला.

लाकोटा लोक या मुलखाला ‘माको सिचा’ म्हणतात, म्हणजे वाईट जमीन. कातड्यांच्या व्यापारासाठी आलेल्या फ्रेंच शिकाऱ्यांनी तेच नाव आपल्या भाषेत घेतले आणि त्याला पुस्ती जोडली: ओलांडायला वाईट. प्यायला पाणी नाही, डोक्यावर सावली नाही, पावसात पाय ठरत नाही आणि सरळ वाट कुठेच नाही. ज्याला पलीकडे पोचायचे होते त्याने ठेवलेले हे नाव आहे. आजही बहुतेक पर्यटक माउंट रशमोरचे कोरीव चेहरे बघायला जाताना वाटेत हायवे सोडतात, दोन-तीन ठिकाणी गाडी थांबवून फोटो काढतात आणि भर दुपारी, जेव्हा पट्ट्यांचे रंग उन्हात फिके पडलेले असतात आणि प्राणी आडोशाला गेलेले असतात, तेव्हा निघून जातात. या उद्यानाच्या सहलीचे नियोजन करताना सर्वांत आधी ही घाई काढून टाकावी लागते. किमान एक मुक्काम, आणि जमल्यास दोन पहाटा हाताशी असाव्यात. बाकीची सगळी आखणी त्याभोवती बसते.

भूगोलाच्या मराठी पुस्तकांत अशा भूरूपाला उत्खातभूमी म्हणतात. चंबळची खोरी ही भारतातली प्रसिद्ध उत्खातभूमी. महाराष्ट्रातही प्रवरेच्या आणि तापीच्या काठी गाळाच्या जमिनीत पावसाने कोरलेल्या घळी आहेत. त्या मात्र नदीने अलीकडच्या काळात आणलेल्या गाळात पडल्या आहेत. डकोटात पाण्याने जे कापून उघडे केले आहे ते कोट्यवधी वर्षांच्या थरांचे दप्तर आहे, आणि ते थोडेफार वाचता येत असेल तर पायी फिरण्याचा आनंद कितीतरी वाढतो.

सर्वांत खालचा काळा थर म्हणजे पिअर शेल. साडेसात ते सात कोटी वर्षांपूर्वी अमेरिकेच्या मध्यातून एक उथळ समुद्र पसरला होता, त्याच्या तळाचा हा चिखल. त्यात अमोनाइट या शंखधारी प्राण्यांचे जीवाश्म मिळतात. गंडकी नदीतून येऊन मराठी घरांच्या देव्हाऱ्यात बसलेला शाळिग्राम हाही अमोनाइटचाच जीवाश्म, तेव्हा ओळख अगदीच परकी नाही. समुद्र ओसरल्यावर हाच काळा चिखल उघडा पडला, झिजला आणि पिवळा झाला. उद्यानाच्या पिनॅकल्स प्रवेशद्वाराच्या पूर्वेला रस्त्यालगत दिसणारे हळदीच्या रंगाचे गोल उंचवटे, यलो माउंड्स, ते हेच. त्याच्या वर ३.७ ते ३.४ कोटी वर्षांपूर्वीचा राखाडी चॅड्रन थर आहे. तेव्हा इथे उष्ण, दमट जंगल होते आणि गेंड्यासारखे दिसणारे अवाढव्य टायटनोथिअर चरत होते. त्यावरचा ब्रूल थर फिकट तपकिरी असून त्यात लाल पट्ट्या आहेत. प्रत्येक लाल पट्टी म्हणजे एके काळची माती, जिच्यात झाडे-गवत उगवत होते. सर्वांत वर, सुळक्यांच्या डोक्यावर, शार्प्स थर आहे. त्याच्या तळाशी पश्चिमेकडच्या ज्वालामुखींमधून उडून आलेल्या राखेचा फिकट पट्टा आहे.

हे सगळे थर रचले गेल्यावर, सुमारे पाच लाख वर्षांपूर्वी, नद्यांनी ते कापायला सुरुवात केली. आज ही जमीन वर्षाला साधारण एक इंच या वेगाने झिजते. शेजारच्या ब्लॅक हिल्समधल्या ग्रॅनाइटला तेवढे झिजायला दहा हजार वर्षे लागतात. याच गतीने आणखी पाच लाख वर्षांत इथले सुळके नाहीसे होतील. त्यांच्या मुख्य रांगेला नुसते ‘द वॉल’, म्हणजे भिंत म्हणतात. सुमारे १०० किलोमीटर लांबीची ही भिंत वरचा माळ आणि खालचा माळ यांच्यामध्ये उभी आहे, आणि जवळच्या वॉल गावाचे नावही तिच्यावरूनच पडले.

हवामानाचा विचार न करता तारखा ठरवल्या तर सहल फसण्याचा संभव मोठा. इथे उन्हाळ्यात ४७ अंश सेल्सिअसपर्यंत पारा चढल्याची आणि हिवाळ्यात उणे ४० पर्यंत उतरल्याची नोंद आहे. वर्षाचा पाऊस जेमतेम ४०० मिलिमीटर, म्हणजे माणदेशातल्या दुष्काळी तालुक्यांच्या आसपासचा. त्यातला बराचसा जूनमध्ये पडतो. त्यामुळे जूनमध्ये माळ हिरवागार असतो, रानफुले फुललेली असतात, पण वादळी पावसाची आणि गारांची तयारी ठेवावी लागते. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन भाजून काढते, गर्दीही याच महिन्यांत असते. ऑगस्टच्या सुरुवातीला जवळच्या स्टर्जिस गावात मोटरसायकलस्वारांचा प्रचंड मेळा भरतो, तेव्हा सगळ्या परिसरात राहायला जागा मिळणे कठीण होते. हिवाळ्यात बर्फाने झाकलेल्या पट्ट्या फार सुंदर दिसतात, मात्र कच्चे रस्ते बंद होऊ शकतात आणि वारा अंगातून आरपार जातो. चालणे आणि प्राणी बघणे हे दोन्ही मनाजोगते व्हायचे असेल तर सप्टेंबर हाच सर्वांत चांगला महिना: गवत सोनेरी झालेले, दुपारी सुसह्य ऊन, रात्री हलकी थंडी आणि शाळा सुरू झाल्याने रिकाम्या पायवाटा. मेचा उत्तरार्धही चांगला. तेव्हा बायसनची तांबूस रंगाची नवी वासरे कळपात दिसतात.

पोचण्यासाठी सर्वांत जवळचा विमानतळ रॅपिड सिटीचा. तिथून आय-९० या महामार्गाने पूर्वेकडे गेले की तासाभरात वॉल गाव येते आणि वॉलपासून उद्यानाचे पिनॅकल्स प्रवेशद्वार काही मिनिटांवर आहे. पूर्वेकडून येणाऱ्यांनी १३१ क्रमांकाच्या फाट्यावर उतरून ईशान्य प्रवेशद्वार गाठावे. उद्यानात सार्वजनिक वाहतूक नाही, तेव्हा स्वतःची किंवा भाड्याची गाडी हवीच. प्रवेशशुल्क गाडीमागे घेतात आणि ते सात दिवस चालते. मिनियापोलिस किंवा शिकागोकडून गाडीने येणाऱ्या मराठी कुटुंबांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: साउथ डकोटाच्या मध्यातच घड्याळ एक तास मागे जाते. त्यामुळे सूर्योदयाची वेळ उद्यानाच्या स्थानिक वेळेप्रमाणे बघावी. जूनमध्ये ती पहाटे सव्वापाचच्या सुमारास असते.

मुक्कामासाठी उद्यानातच सीडर पास इथे खोल्या आणि तंबूंची आखीव जागा आहे. दोन्हींचे आरक्षण बरेच आधी करावे लागते. वॉलमध्ये मोटेल पुष्कळ आहेत. पश्चिम टोकाला सेज क्रीक इथे मोफत तंबूतळ आहे. तिथे शौचालयापलीकडे काही सोय नाही आणि पाण्याचा नळही नाही, पण पहाटे जाग आली की तंबूंपासून थोड्याच अंतरावर बायसन चरताना दिसण्याची शक्यता असते. सामान आणि धाडस जमत असेल तर तीच जागा निवडावी. खाण्यापिण्याची दुकाने परिसरात थोडी आहेत. शाकाहारी मंडळींनी रॅपिड सिटीतूनच शिधा भरून आणणे शहाणपणाचे. मोबाइलचे नेटवर्क कुठे असते, कुठे नसते, म्हणून नकाशा आधीच फोनवर उतरवून घ्यावा. बेन रायफेल माहिती केंद्रात कागदी नकाशाही मिळतो. ज्यांचे नाव त्या केंद्राला दिले आहे ते बेन रायफेल लाकोटा होते आणि साउथ डकोटातून अमेरिकी काँग्रेसवर निवडून गेले होते.

उद्यानाच्या उत्तर भागातून जाणारा डांबरी रस्ता, बॅडलँड्स लूप रोड, हा सहलीचा कणा आहे. न थांबता गेले तर तासाभरात संपतो, पण त्यावरच्या बिंदूंची वेळ उन्हाप्रमाणे ठरवावी. सूर्योदयाला ईशान्य प्रवेशद्वाराजवळचा बिग बॅडलँड्स ओव्हरलुक गाठावा. ऊन तिरपे पडते तेव्हा प्रत्येक धारेची सावली शेजारच्या घळीत पडते आणि दिवसभर सपाट दिसणारी भिंत उठून उभी राहते. सूर्यास्ताला पश्चिमेचा पिनॅकल्स ओव्हरलुक बरा.

पायवाटा बहुतेक सीडर पासच्या आसपास आहेत आणि त्यांतल्या तीन एकाच वाहनतळावरून सुटतात. विंडो ट्रेल म्हणजे जेमतेम ४०० मीटरचा फळ्यांचा मार्ग, शेवटी भिंतीतल्या नैसर्गिक खिडकीतून घळ दिसते. डोअर ट्रेलचा पहिला भागही फळ्यांचा. फळ्या संपल्या की पुढे पिवळ्या खुणा बघत उघड्या मातीवरून जायचे, जाऊन-येऊन सव्वा किलोमीटर. उन्हाळ्यात मुलांकडे आलेल्या आईवडिलांना विंडो ट्रेल आणि रस्त्यालगतचा फॉसिल एक्झिबिट ट्रेल हे दोन्ही सहज जमतात. तिसरी वाट नॉच ट्रेलची. जाऊन-येऊन अडीच किलोमीटरही नाही, पण उद्यानातली सर्वांत लक्षात राहणारी चाल हीच. घळीतून थोडे गेल्यावर एका कड्याला लाकडी ओंडक्यांची शिडी टेकवलेली दिसते. पायऱ्या दोन जाड तारांत ओवलेल्या आहेत, त्यामुळे पाय ठेवला की किंचित हलतात. चढताना फारसे काही वाटत नाही. उतरताना मात्र उलटे वळून, दोन्ही हातांनी धरून, एकेक ओंडका पायाने चाचपत यावे लागते. शिडीच्या वर वाट कड्याच्या कडेने जाते आणि शेवटी भिंतीच्या एका खाचेतून व्हाइट रिव्हरचे खोरे उघडे पडते. उंचीची भीती असलेल्यांनी आणि पाऊस नुकताच पडून गेला असेल तर कोणीही ही वाट धरू नये.

दिवसभराची चाल हवी असेल तर कॅसल ट्रेल आहे: एका बाजूने ८ किलोमीटर, जाऊन-येऊन १६. चढ-उतार फार नाही, एका हाताला गवताचा माळ आणि दुसऱ्या हाताला सुळके. मधून फुटणाऱ्या मेडिसिन रूट ट्रेलला जोडून लहान फेराही करता येतो. सॅडल पास ही वाट अंतराने अगदी थोडी, पण भिंतीच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत सुमारे ६० मीटर सरळ चढवते आणि सुट्या मातीमुळे उतरताना घसरवते. क्लिफ शेल्फची छोटी वाट वेगळ्याच कारणासाठी बघण्यासारखी आहे. कड्याचा एक मोठा तुकडा खाली घसरून तिथे बाकासारखा टप्पा झाला, त्यावर पाणी साठू लागले आणि उजाड भिंतीच्या कुशीत जुनिपरची झाडी उभी राहिली.

अमेरिकेतल्या बऱ्याच राष्ट्रीय उद्यानांत आखलेल्या वाटेवरच चालण्याचा आग्रह असतो. बॅडलँड्समध्ये मात्र वाट सोडून कुठेही हिंडण्याची मुभा आहे. ही मुभा मोलाची आहे आणि धोक्याचीही. सगळ्या घळी एकसारख्या दिसतात, खाली उतरल्यावर ओळखीचा सुळका दृष्टीआड होतो आणि वाट चुकायला दहा मिनिटे पुरतात. इथली मातीही समजून घ्यावी. तिच्यात बेंटोनाइट, म्हणजे ज्वालामुखीच्या राखेपासून झालेली चिकणमाती आहे. विदर्भ-मराठवाड्यातली काळी माती ज्या जातीच्या खनिजामुळे पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते, तेच खनिज इथे आहे. कोरड्या दिवसांत तिचा पृष्ठभाग लाह्या पसरल्यासारखा फुललेला, भुसभुशीत दिसतो आणि पाऊल ठेवले की त्या लाह्या चुरचुरत घरंगळतात. पावसाची एक सर आली की त्याच लाह्यांचा गुळगुळीत गारा होतो. बुटांना मातीचे गोळे चिकटतात, उतारावर पाय ठरत नाही. काळ्या रानात पहिल्या पावसानंतर चालून बघितलेल्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. ढग भरून आले की उंच कडा सोडून गाडीकडे वळावे. विजेच्या वेळी त्या उघड्या माळावर माणूसच सर्वांत उंच असतो.

दोन तासांच्या चालीसाठी माणशी दोन लिटर पाणी हा उद्यानाचा सल्ला शब्दशः पाळावा. ओढ्यांतले पाणी इतके गढूळ असते की गाळणीही तुंबते, ते पिण्याजोगे नसते. पायांत घोट्याच्या वर येणारे बूट हवेत, कारण गवतात फड्या निवडुंग दडलेला असतो आणि घोणसाच्या कुळातला प्रेअरी रॅटलस्नेकही असतो. इथला विषारी साप तो एकच. दगडामागे किंवा कपारीत न बघता हात घालू नये, शेपटीचा खुळखुळा ऐकू आला तर थांबून आवाज कुठून येतो ते बघावे आणि मागे सरकावे. रात्री रानात तंबू टाकायचा असेल तर तो रस्त्यापासून आणि वाटेपासून किमान ८०० मीटर दूर आणि रस्त्यावरून न दिसेल असा हवा. शेकोटी उद्यानात कुठेही पेटवता येत नाही. वाळल्या गवताचा माळ एका ठिणगीने मैलोन्‌मैल जळतो.

प्राणी बघायचे तर सेज क्रीक रिम रोड हा कच्चा रस्ता धरावा. पिनॅकल्सजवळ तो डांबरी रस्त्यापासून फुटतो आणि उद्यानाच्या राखीव रानाच्या कडेकडेने जातो. भिंतीच्या देखाव्यात गुंतलेले बहुतेक प्रवासी इकडे वळतच नाहीत, आणि हे त्यांचे मोठेच नुकसान. पहाटे किंवा उन्हे कलल्यावर, ताशी वीस-पंचवीस किलोमीटरच्या वेगाने, काचा खाली करून जावे.

या रस्त्याचा मानकरी बायसन. मराठीत गव्याला कधी कधी इंडियन बायसन म्हणतात, त्यामुळे घोटाळा होतो. राधानगरीच्या जंगलातला गवा वेगळा आणि हा वेगळा. याचे खांद्यावरचे मोठे वशिंड, पुढच्या अंगावरची दाट आयाळ आणि खाली झुकलेले प्रचंड डोके माळावरच्या हिवाळ्यासाठी घडले आहे. बर्फ पडला की हे जनावर डोके डावी-उजवीकडे फिरवून बर्फ सारते आणि खालचे गवत खाते. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला उत्तर अमेरिकेत कोट्यवधी बायसन होते. शतक संपता संपता शिकारीमुळे काही शे उरले. लाकोटांचे अन्न, वस्त्र आणि निवारा बायसनवर उभा होता, त्यामुळे कळप संपले तसा त्यांचा जीवनक्रमच मोडला. या उद्यानात १९६३ मध्ये बायसन पुन्हा आणून सोडले गेले. आज कळप हजाराच्या वर आहे आणि २०१९ मध्ये त्याच्या चराईचे क्षेत्र आणखी २२ हजार एकरांनी वाढवण्यात आले.

पूर्ण वाढलेला नर ९०० किलोपर्यंत भरतो आणि ताशी ५० किलोमीटरहून वेगाने धावतो. शांत चरणाऱ्या बायसनकडे बघून हे खरे वाटत नाही, म्हणूनच अपघात होतात. शंभर यार्ड, म्हणजे साधारण नव्वद मीटर अंतर ठेवावे. हात लांब करून एक डोळा मिटावा आणि अंगठा धरून बघावा. अख्खा प्राणी अंगठ्याआड झाकला गेला तर अंतर पुरेसे आहे. बायसनने शेपूट वर उचलली, खुराने माती उकरली किंवा डोके हलवत रोखून बघितले तर ताबडतोब मागे फिरावे. जुलै-ऑगस्ट हा माजाचा काळ, तेव्हा नर धुळीत लोळतात, डरकाळ्या फोडतात आणि एकमेकांना धडका देतात. ते गाडीत बसून बघावे. कळप रस्त्यावर आला तर इंजिन बंद करून थांबणे एवढेच करता येते, आणि त्या अर्ध्या तासात त्यांच्या श्वासाचा आवाज ऐकू येतो.

याच रस्त्यावर रॉबर्ट्स प्रेअरी डॉग टाउन आहे. प्रेअरी डॉग हा कुत्रा नाही, खारीच्या कुळातला, बिळांत वसाहत करून राहणारा जाडजूड प्राणी आहे. प्रत्येक बिळाच्या तोंडाशी मातीचा कडा, त्यावर दोन पायांवर उभा एक पहारेकरी. गाडीचे दार उघडले की तो चिरका आवाज काढतो, दुसरा तो उचलतो, तिसरा उचलतो, आणि दोन-चार क्षणांत माळ रिकामा होतो. दार न उघडता दहा मिनिटे बसले तर एक डोके वर येते, मग दुसरे. एखादा पुढचे पाय आभाळाकडे टाकून, मान मागे झुकवून उडी मारत ‘यिप’ असा आवाज करतो आणि मग एकामागोमाग एक सगळी वसाहत तेच करू लागते. त्यांच्या सोडलेल्या बिळांत बिळातले घुबड राहते. लांब पायांवर उभे राहून ते भर दिवसा टकमक बघत असते. प्रेअरी डॉगनी कुरतडून आखूड ठेवलेले गवत पुन्हा कोवळे फुटते, म्हणून बायसनही या वसाहतींवर चरायला येतात.

आणि या वसाहतींवरच उत्तर अमेरिकेतला एक अत्यंत दुर्मीळ सस्तन प्राणी जगतो: काळ्या पायांचा फेरेट. पाणमांजराच्या कुळातला, लांबोडका, डोळ्यांवर काळी पट्टी असलेला हा निशाचर जवळजवळ फक्त प्रेअरी डॉगवर जगतो. शेतकऱ्यांनी विष घालून प्रेअरी डॉग मारले तसे फेरेटही संपले, आणि १९७९ मध्ये ही जात नष्ट झाली असे समजले गेले. १९८१ मध्ये वायोमिंगमधल्या मिटीत्सी गावाजवळ एका पाळीव कुत्र्याने मारलेला फेरेट घरी आणला आणि त्यावरून एक छोटी वसाहत सापडली. रोगराईने तीही ढासळू लागली तेव्हा उरलेले अठरा फेरेट पकडून त्यांची पैदास केली गेली. १९९४ मध्ये त्यांची पिल्ले बॅडलँड्समध्ये सोडली आणि पुढे शेजारच्या कोनाटा बेसिनमध्ये. आज रानात जगणाऱ्या फेरेटांचा हा एक मोठा आधार आहे.

फेरेटांवरचे संकट मात्र मराठी माणसाच्या परिचयाचे आहे. १८९६ मध्ये मुंबईत आणि पुढच्या वर्षी पुण्यात ज्या प्लेगने हाहाकार उडवला, त्याच जागतिक साथीत हा रोग १९०० च्या सुमारास जहाजांतून सॅन फ्रान्सिस्कोला उतरला आणि तिथल्या रानटी कृंतकांमध्ये मुरला. पूर्वेकडे सरकत सरकत तो २००८ मध्ये कोनाटा बेसिनला पोचला आणि प्रेअरी डॉगच्या वसाहतीच्या वसाहती ओस पडल्या. तेव्हापासून बिळांत पिसवा मारणारी पूड टाकणे आणि फेरेटांना लस टोचणे हे काम चालू आहे. म्हणून प्रेअरी डॉगना खायला घालू नये आणि बिळाजवळ बसू नये. फेरेट दिसण्याची आशा धरू नये. रात्री बॅटरी फिरवून त्याला शोधणे तर मुळीच करू नये. आपण उभे आहोत त्या माळाखाली तो झोपलेला असेल, एवढे माहीत असणे पुरे.

बिगहॉर्न मेंढे सुळक्यांच्या अरुंद कडांवर निवांत रवंथ करताना पिनॅकल्सजवळ आणि सीडर पासच्या आसपास दिसतात. इथली मूळची बिगहॉर्न जात विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत शिकारीने संपली. १९६४ मध्ये कोलोरॅडोतून आणलेल्या मेंढ्यांचे हे वंशज आहेत. मोकळ्या माळावर प्रॉन्गहॉर्न दिसतो. रेहेकुरीला काळवीट बघितलेल्याला तो ओळखीचा वाटेल, पण तो ना हरीण ना काळवीट, आणि त्याचे जवळचे जिवंत नातलग जिराफ आणि ओकापी आहेत. ताशी ९० किलोमीटरच्या आसपास धावणारा हा प्राणी तारेच्या कुंपणावरून उडी मात्र सहसा मारत नाही, खालून सरपटून जातो. कोयोटी बहुधा संध्याकाळी ऐकूच येतो. या सगळ्यासाठी लागते ती दुर्बीण. महागडा कॅमेरा नसला तरी चालेल, साधी दुर्बीण प्रत्येक माणसामागे एक असावी.

पायी हिंडणाऱ्याला या उद्यानात जीवाश्म दिसू शकतात, कारण प्रत्येक पावसाबरोबर नवे उघडे पडतात. २०१० मध्ये सात वर्षांच्या एका पर्यटक मुलीला माहिती केंद्राजवळच सुळेदार दातांच्या, मांजरासारख्या एका प्राचीन शिकारी प्राण्याची कवटी दिसली आणि तिने ती रेंजरना कळवली. १९९३ मध्ये दोन पर्यटकांनी कोनाटाच्या सहलस्थळाजवळ पाठीच्या कण्याची हाडे दाखवली. काही दिवसांत संपेल असे वाटलेले ते उत्खनन पंधरा उन्हाळे चालले आणि एका जुन्या पाणवठ्याच्या चिखलातून एकोणीस हजारांहून अधिक हाडे निघाली. पहिली हाडे डुकरासारख्या प्राण्याची वाटली म्हणून त्या जागेला ‘बिग पिग डिग’ नाव पडले. पुढे ती बिनशिंगाच्या गेंड्याची निघाली, नाव तेच राहिले. जीवाश्म दिसला तर तो हलवू नये, उचलू तर नयेच. फोटो काढावा, जागा नोंदवावी आणि माहिती केंद्रात सांगावे. उन्हाळ्यात त्या केंद्रातल्या प्रयोगशाळेत तज्ज्ञ हाडांवरची माती दातांच्या डॉक्टरसारख्या बारीक हत्यारांनी काढताना बघता येतात. मुलांना घेऊन गेलेल्यांनी तिथे तासभर राखून ठेवावा.

उद्यानाचा दक्षिण भाग, एकूण क्षेत्राचा जवळजवळ अर्धा, पाइन रिज या ओग्लाला लाकोटांच्या राखीव प्रदेशात येतो आणि उद्यान तो त्यांच्यासोबत सांभाळते. डिसेंबर १८९० मध्ये स्पॉटेड एल्क ऊर्फ बिग फूट यांची टोळी याच भिंतीतल्या एका खिंडीतून दक्षिणेकडे उतरली. त्यानंतर थोड्याच दिवसांत, २९ डिसेंबरला, वूंडेड नी इथे सैन्याने त्यांच्यातल्या अडीचशेच्या वर माणसांना ठार केले, त्यांत बायका-मुले होती. लूप रोडवरच्या बिग फूट पास या थांब्याचे नाव त्या वाटेचे आहे, ते वाचून पुढे जाऊ नये, थोडे थांबावे. १९४२ मध्ये युद्धखात्याने विमानातून गोळीबाराच्या सरावासाठी पाइन रिजमधली ३ लाख ४१ हजार एकरांहून अधिक जमीन घेतली. सव्वाशे कुटुंबांना घरे सोडावी लागली. त्यातलीच जमीन पुढे उद्यानाचा दक्षिण भाग झाली.

या भागात आखलेल्या पायवाटा नाहीत. शीप माउंटन टेबल या पठारावर जाणारा कच्चा रस्ता कोरड्या दिवसांत गाडीने चढता येतो आणि वरून दिसणारे दृश्य उत्तर भागातल्या कुठल्याही बिंदूपेक्षा एकाकी आणि विशाल आहे. पाऊस झाला असेल तर तो रस्ता मुळीच धरू नये. त्यापलीकडे जायचे असेल तर आधी व्हाइट रिव्हर माहिती केंद्रात किंवा रेंजरकडे चौकशी करावी, कारण काही ठिकाणी जाण्यासाठी खाजगी किंवा टोळीच्या जमिनीवरून जावे लागते आणि त्या मालकांची परवानगी लागते. झाडांना बांधलेल्या कापडाच्या चिंध्या किंवा ठेवलेल्या वस्तू दिसल्या तर त्या प्रार्थनेच्या असतात, त्यांना हात लावू नये, फोटोही काढू नये. सरावाच्या काळातले न फुटलेले बाँबगोळे अजूनही मातीतून वर येतात. गंजलेली धातूची वस्तू दिसली तर जवळ न जाता जागा लक्षात ठेवावी आणि आल्या वाटेने परतून रेंजरला कळवावे.